महिनाभर झिरपणारं औषध

डिचोली. आषाढातली सकाळ. रात्रीपासून पाऊस धरून बसलाय आणि लायट पहाटेच गेलीय. फ्रीजच्या दाराला मावशी कुणाला हात लावू देत नाही. "लायट येऊ दे रे, मग उघडूया." आत तिच्या इन्सुलिनच्या कुप्या आहेत.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेहाचं प्रमाण सगळ्यांत जास्त निघालं ते आपल्या गोव्यात: २६.४ टक्के.

इन्सुलिन हे प्रथिन. ५१ अमिनो आम्लांची, ठरावीक घडी घातलेली रचना. गिळलं तर डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जातं, म्हणून सुई. रोजची सुई. तीच महिन्यातून एकदा टोचता आली तर?

त्यासाठी लागणारा पदार्थ नवा नाही. शस्त्रक्रियेनंतर आपोआप विरघळणारे टाके असतात ना, त्याच जातीचा: लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांची लांब साखळी, पीएलजीए. शरीरातलं पाणीच तिची कडी कडी सोडवतं आणि शेवटी उरतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. या साखळीचे सूक्ष्म मणी करायचे, मण्यांच्या पोटात औषध भरायचं. लॅक्टिकचा वाटा वाढवला की मणी जास्त दिवस टिकतो.

१९८९ मध्ये अमेरिकेत प्रोस्टेटच्या कर्करोगावरचं ल्युप्रोलाइड अशाच मण्यांतून, महिन्याला एकदा, द्यायला मंजुरी मिळाली. पण तो ९ अमिनो आम्लांचा चिमुकला रेणू. मोठ्या प्रथिनाचं तसं नाही. मणी बनवताना ते द्रावक आणि पाण्यात घुसळलं जातं. तिथेच त्याची घडी मोडते, गुठळ्या होतात. यातून वाचलं, तर पुढे मणी विरघळू लागतो आणि सुटलेलं आम्ल आतच साचतं. ज्या विरघळण्यातून औषध बाहेर यायचं, तेच औषधाला आतून नासवतं. मला या सगळ्या विषयातली हीच गाठ सगळ्यांत अवघड वाटते.

शिवाय पहिल्या दिवसाचा लोंढा. खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या बांधाआडच्या शेतात, मानशीची दारं पाणी मापात सोडतात. दार निखळलं तर शेत बुडतं. मण्याच्या पृष्ठभागाजवळचं औषध तसं एकदम सुटतं. इन्सुलिनच्या बाबतीत याचा अर्थ रक्तातली साखर धाडकन खाली, म्हणजे जिवाशी गाठ.

वाढीचं संप्रेरक, १९१ अमिनो आम्लांचं, जस्ताच्या आधाराने मण्यांत बसवलं गेलं. १९९९ मध्ये मंजुरी मिळाली, २००४ मध्ये विक्री थांबली. बनवणं फार जिकिरीचं होतं. आत साचणाऱ्या आम्लावर उतारा म्हणून संशोधकांनी मण्यातच मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड घालून पाहिलं. पित्तावर घेतो तेच! प्रयोगशाळेत त्याने प्रथिनं सावरली. इन्सुलिनचा असा मणी मात्र अजून औषधांच्या दुकानात आलेला नाही.

साडेअकराला लायट येते. मावशी कुपी काढते, खिडकीच्या उजेडात धरून हळूच तिरकी करते. आत गुठळी तर नाही ना, ते पाहते.