डोळ्याला ‘शेक’ देतात म्हणजे काय?

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या बेळगाव-खानापूर भागात किरणोपचाराला सर्रास ‘शेक’ म्हणतात. या एका शब्दानं एका आजीची झोप उडवली होती, तिची गोष्ट सांगतो.

रात्री लाईट गेली, आजीनं बॅटरी मारली, आणि दोन वर्षांच्या नातवाच्या डाव्या डोळ्याची बाहुली मांजरासारखी पांढरी चमकली. शेजारणी म्हणाल्या, नजर लागली. आजी मात्र सकाळच्या पहिल्या गाडीनं पोराला घेऊन बेळगावात माझ्याकडं हजर. डोळ्याच्या पडद्यावर गाठ होती, रेटिनोब्लास्टोमा. हा कॅन्सर बहुतेक ५ वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. मुंबईला पाठवलं. केमोनं गाठ आक्रसली, थोडी उरली, तिला शेक द्यायचं ठरलं. आजी परत माझ्या दारात. “एवढ्याशा डोळ्याला शेक? भाजंल की ओ पोरगं!”

मी म्हटलं, “आजी, चुलीचा शेक नव्हे हा. चांदीची छोटी चकती असते, रुपयाहून लहान, वाटीसारखी खोलगट. तिच्यात रुथेनियम-१०६ असतं, त्यातून किरणं निघतात. भूल देऊन ती गाठीच्या बरोबर मागं, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर शिवतात. काही दिवसांनी काढतात.”

आयुष्यभर वाकळा शिवलेली बाई ती. पदराचा काठ बोटानं चाचपत म्हणाली, “म्हंजे विरलंय तेवढ्यावरच ठिगळ. मग टाकं उसवायचं.”

वाकळ हल्ली शिवतं कोण? आईच्या जुन्या लुगड्याची ऊब बाजारच्या ब्लँकेटला नाही, हे माझं ठाम मत आहे. असो.

तर पुन्हा सांगतो, हा शेक भाजत नाही. किरणं गाठीच्या पेशींची वाढ थांबवतात. रुथेनियमची किरणं पाच-सहा मिलिमीटरच आत पोचतात, म्हणून बाकीचा डोळा बराचसा वाचतो. गाठ जाड असेल तर आयोडीन-१२५. रुथेनियमची चकती आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं देशातच बनवली आहे. काहींना मशीननं बाहेरून किरणं देतात. दुखत नाही, पण काही आठवडे जावं लागतं. पुढं मोतीबिंदू होऊ शकतो, नजर मंदावू शकते, म्हणून तपासणी चुकवू नका. तपासणी चुकवू नका.

आजीनं एकही चुकवली नाही. परवा आली तेव्हा काखेत नातवाची तान्ही बहीण होती. हा आजार काही घरांत रक्तातून येतो, भावंडांचे डोळे बघावेच लागतात, हे तिनं मुंबईत ऐकून ठेवलं होतं. पिशवीतली तीच बॅटरी काढून माझ्यापुढं धरली. “आता हिचं बघा.”