टोकन नंतर, कागद आधी

नमस्कार श्रोतेहो. जुनी गाडी घ्यायला गेल्यावर विकणाऱ्याशी कसं वागायचं, याविषयी आज बोलणार आहे. एक वाक्य आत्ताच सांगते, पुढेही सांगेन: टोकन नंतर, कागद आधी. टोकन म्हणजे गाडी राखून ठेवायला दिलेली आगाऊ रक्कम.

माझी आत्या ठाण्यात, नौपाड्यात राहते. शाळेतून निवृत्त झाल्यावर गाडी चालवायला शिकली. गेल्या ऑगस्टमध्ये तिच्यासाठी छोटी पेट्रोल गाडी बघायला आत्या, मी आणि माझा भाऊ घोडबंदर रोडवरच्या एका दुकानात गेलो. विकणारा मुलगा पंचविशीतला. त्याने चहा मागवला, खुर्च्या दिल्या आणि सगळं माझ्या भावालाच सांगू लागला. "सर, सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी, फक्त अठ्ठावीस हजार चाललीय." पैसे आत्याचे, चालवणार आत्या, भावाकडे तर लायसन्सही नाही. हे मला अजून सलतं. पैसे बाई मोजणार असेल तर बोलणं तिच्याशी व्हावं, मग ती गाडी असो, फ्लॅट असो की शेगडी.

आत्याने चहा संपवला, उठली आणि बॉनेटवर हात ठेवला. गरम. "तुम्ही येणार म्हणून सुरू करून ठेवली, मॅडम." थंड इंजिन सुरू होताना जो आवाज किंवा धूर कळतो, तो तापलेल्या इंजिनात लपतो. आत्या म्हणाली, "मग थंड होऊ दे, आम्ही बसतो."

मग ती आत बसली. आत सुगंधी फवाऱ्याचा उग्र वास. मला गाडीतले हे कृत्रिम वास मुळीच आवडत नाहीत. मोगऱ्याचा गजरा आरशाला अडकवावा, दोन दिवस गाडी प्रसन्न राहते. तर आत्याने सीटबेल्ट ओढला. आपण छातीवर येईल तेवढाच ओढतो, ती ओढतच राहिली. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर आडवी तपकिरी रेघ होती, आणि बोटाला माती लागली. डिकीत स्टेपनी उचलली, तर खालचा पत्रा गंजलेला. गाडी पुरात उभी राहिलेली होती. पावसाळ्यात वंदना डेपोजवळ पाणी कसं चढतं, हे ठाणेकरांना सांगायला नको. बुडालेली गाडी आज सुरू होते, पण वायरिंगच्या जोडांना धरलेला गंज काही महिन्यांनी डोकं वर काढतो.

मुलगा म्हणाला, "संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय, पाच हजार टोकन टाका."

आत्या म्हणाली, "बाळा, त्यांनाही हा पट्टा पूर्ण ओढून दाखवशील ना?"

तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, मी इथे दोन महिन्यांपूर्वी लागलोय. मला हे ठाऊक नव्हतं." माझा त्याच्यावर विश्वास बसला. आत्याने त्याला शेजारी बसवून पट्टा कसा बघायचा ते शिकवलं, स्टेपनीची जागाही दाखवली.

तीन आठवड्यांनी त्याचाच फोन आला, थेट आत्याला. "मॅडम, एक गाडी आलीय. पट्टा बघितलाय. इंजिन थंड ठेवलंय."

ती गाडी आत्याने घेतली, पण आधी कागद बघितले. पुन्हा सांगते, टोकन नंतर, कागद आधी. आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरचा, चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवला. आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा होता, म्हणून बँकेचं ना हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत ती थांबली. थकलेली ई-चलानं जुन्या मालकाकडून भरून घेतली. नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, पण कोऱ्या फॉर्मवर सही केली नाही.

विमा मात्र बरेच जण विसरतात. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत तो आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो, नाहीतर अपघातात आपल्या गाडीची भरपाई अडकते. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूटही गाडीबरोबर येत नाही, ती त्याच्याकडेच राहते. आत्याने तो फरक भरला आणि विमा चौथ्या दिवशी नावावर करून घेतला.