माझ्या गाडीला बसंल का?

मंडळी, व्याख्यानाला गॅरेजवाला म्हटल्यावर काहींना वाटलं असेल, हा आता सीसी मोजत बसणार. एकदाच मोजतो. 624 सीसी, दोन सिलिंडर, इंजिन मागं. नॅनो. 2008 च्या जानेवारीत दिल्लीत दाखवली, 2009 ला विक्रीला आली, 2018 ला उत्पादन थांबलं. मला बोलायचंय ते मधल्या 2015 बद्दल. त्या वर्षी तिचं रूप पालटलं आणि जुने मालक एकेक करून कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या दारात आले.

मला वाटलेलं, नाक कसं झालंय, दिवे कसे झालेत, यावर बोलतील. पुढच्या जाळीकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. सगळे मागं जाऊन उभे. का? तर मागचं दार उघडत होतं! पहिल्या नॅनोला मागं काच होती, बघणाऱ्याला दार वाटायचं, पण तो नुसता पत्रा. सामान ठेवायचं तर मागच्या सीटची पाठ पाडायची आणि आतून सरकवायचं. आमचे एक गुरुजी गुऱ्हाळावरनं 10 किलोची ढेप आणायचे. ती बाईंच्या मांडीवर. बाई म्हणायच्या, "नातवंडं मोठी झाली, आता ही घेऊन बसते."

तर प्रश्न एकच, सगळ्यांचा: "ते दार माझ्या गाडीला बसंल का?"

नाही बसत, काका. अशा गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, पत्राच सगळा भार पेलतो. मागचा पत्रा कापला की बॉडीची ताकद गेली. दार द्यायचं तर चौकट नव्यानं आखावी लागते, जोड द्यावे लागतात, आणि ते कारखान्यात. माझ्या वेल्डिंगच्या टाक्यांनी नव्हे. हे सांगितलं की चेहरे पडायचे. एक जण तर म्हणाला, "वरातीमागनं घोडं, आणि वरात आमची."

मारुती 800 चं वेगळं होतं. 1986 ला तिचा आकार बदलला, तर पहिलीवाले उलट मिशीला पीळ देऊन हिंडायचे: आमचे सुटे भाग जपानहून आलेले! नॅनोवाल्याला तो तोरा कुठला? त्यानं स्वस्त म्हणून घेतलेली, आणि ते गावभर ठाऊक.

दाराहून मला स्वतःला टाकी मोठी वाटली. 15 लिटरची 24 झाली. लिटरला 20 धरा. जुनीत 300 किलोमीटर. पुणं आपल्याला 230, म्हणजे परतीला सातारच्या अलीकडंच काटा लालात. नवीत जाऊन-येऊन काठावर जमतं. एसी लावला तर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण टाकीचं कौतुक कुणी केलं नाही. लोकांना दारच दिसलं.

गुरुजी मात्र एका नव्यावाल्याबरोबर मुद्दाम पंपावर गेले. पंपावरचा पोरगा सवयीनं गाडीच्या मागं झाकण शोधायला लागला. नव्यावाल्याला खाली उतरून पुढचं बॉनेट उघडावं लागलं. पेट्रोलचं तोंड जुन्यासारखंच तिथं आत. गुरुजी दुसऱ्या दिवशी गॅरेजवर आले, चहा स्वतः मागवला आणि म्हणाले, "अहो, त्यांचंही बॉनेट उघडावं लागतंय!"