"प्रश्न उद्भवत नाही" म्हणजे नक्की काय? आमदारांचा प्रश्न, आपली घरं, आपला धंदा आणि आपल्या चोऱ्या

नमस्कार मंडळी. हा कागद बघा, कॅमेऱ्याजवळ धरतो, दिसतंय का? ही विधानसभेच्या प्रश्नोत्तरांची यादी आहे, विधिमंडळाच्या वेबसाईटवर कोणालाही मिळते, पैसे पडत नाहीत, आणि गेले आठ दिवस रात्री जेवल्यावर मी हेच वाचत बसतोय. यातली भाषा ठरलेली असते बघा. आमदार विचारतात, "अमुक गावात अमुक प्रकार घडला, हे खरे आहे काय?" त्याखाली, "असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय?" मग "त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?" आणि सगळ्यात शेवटी "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" समोर मंत्र्यांचं उत्तर. "होय." नाहीतर "अंशतः खरे आहे." नाहीतर "हे खरे नाही." आणि मग ते तीन शब्द, जे वाचले की माझ्या पोटात तुटतं, "प्रश्न उद्भवत नाही."

आता हे नीट समजून घ्या, कारण आजचा सगळा व्हिडिओ यावरच आहे. हे उपप्रश्न एकाला एक बांधलेले असतात, जाळ्याच्या गाठी असतात ना तसे. पहिल्याच भागाला "हे खरे नाही" असं उत्तर आलं की खालचे तिन्ही भाग आपोआप सुटतात, चौकशी केली का, उद्भवत नाही, कार्यवाही काय, उद्भवत नाही, विलंब का, उद्भवत नाही. म्हणजे प्रश्नाचं पहिलं वाक्य जर ढिलं लिहिलेलं असेल तर आमदार कितीही तळमळीचे असू देत, उत्तर रिकामं येतं. आणि ते पहिलं वाक्य पक्कं करायला लागणारी माहिती मुंबईत नसते हो, ती आपल्या वाडीत असते.

विधानसभेत 288 आमदार. त्यात रत्नागिरी जिल्ह्याचे 5, दापोली, गुहागर, चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, आणि सिंधुदुर्गाचे 3, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. झाले आठ. अधिवेशनं वर्षाला तीन, अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. प्रश्नोत्तराच्या तासात तारांकित प्रश्न येतात, म्हणजे ज्यांच्यावर ताऱ्याची खूण असते आणि ज्यांना मंत्र्याने उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं असतं, आणि त्यावर इतर आमदारही पूरक प्रश्न विचारू शकतात. पण तासाभरात होऊन होऊन किती होणार, मोजकेच होतात, बाकीच्यांची उत्तरं छापील येतात. लक्षवेधी सूचना वेगळी, तातडीच्या विषयावर मंत्र्याला निवेदन करायला लावणारी. आपल्या या किनाऱ्याला प्रश्न विचारणाऱ्यांची सवय आहे मंडळी, राजापूर मतदारसंघाने 1957 पासून नाथ पैंना लोकसभेत पाठवलं, त्यांच्यानंतर 1971 ते 1991 मधु दंडवते, ही माणसं बोलायला उभी राहिली की सभागृह ऐकायचं. आजोबा रेडिओवर त्यांचं नाव आलं की सगळ्यांना गप्प करायचे, एवढं मला आठवतंय.

आता तीन विषय घेतो. कर, घर आणि चोरी.

कराचं आधी. माझ्या मित्राचा समुद्राजवळ होमस्टे आहे, चार खोल्या, बायको आणि आई स्वयंपाक करतात, मे महिना आणि दिवाळी सोडली तर गिऱ्हाईक शनिवार-रविवारपुरतं. तो मला म्हणाला की आमदारांना सांग विधानसभेत विचारा, आमच्यावर एवढे टॅक्स का? मी म्हटलं कुठला टॅक्स? कारण एका धंद्याला तीन खिडक्या आहेत. व्यवसाय कर राज्याचा, 1975 च्या कायद्याने. तो घटनेच्या कलम 276 मुळे वर्षाला 2500 च्या वर जाऊ शकत नाही, ही मर्यादा 1988 साली 250 वरून 2500 केली आणि आजही तीच आहे. म्हणजे हंगामात चार महिने चालणारा धंदा असो की मुंबईतल्या टॉवरमधला मोठा पगारदार, दोघांचा वरचा आकडा एकच. याबद्दल वित्तमंत्र्यांना थेट विचारता येतं, कायदा आणि दराचं कोष्टक राज्याचंच आहे.

जीएसटीचं तसं नाही. सेवा देणाऱ्याला साधारण वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीच लागत नाही, त्यामुळे माझ्या मित्रासारखे बरेच जण त्यात बसतच नाहीत, पण रात्रीला 7500 पर्यंतच्या खोलीवर आधी 12 टक्के होता तो सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के झाला, आणि हे ठरलं जीएसटी परिषदेत. तिथे केंद्राचं मत एक तृतीयांश आणि सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश. मग "जीएसटी कमी करणार काय" असं विधानसभेत विचारलं तर मंत्री म्हणणार बाब परिषदेच्या अखत्यारीतली. संपलं. त्याऐवजी "राज्याने परिषदेत छोट्या पर्यटन व्यावसायिकांसाठी काय भूमिका मांडली, कधी मांडली" असं विचारा की, याला टाळता नाही येत. तिसरी खिडकी घरपट्टी, ती ग्रामपंचायतीची, विभाग ग्रामविकास. माझ्या मित्राचा खरा वाद तिथेच निघाला, राहत्या घराच्या दोन खोल्या व्यावसायिक धरल्या होत्या. यासाठी विधानसभा नको, आधी ग्रामसभा.

घराचं मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण यात माझा चुलतभाऊ अडकलाय आणि दर पावसात त्याच्या छपरावर प्लास्टिक टाकायला मी जातो.

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण, 2016 पासून आहे, सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगरी भागात 1 लाख 30 हजार, हप्त्याने, वर रोजगार हमीची 90-95 दिवसांची मजुरी, शौचालयाचे 12 हजार. 2025 मध्ये राज्याने 50 हजारांची भर घातली, त्यातले 15 हजार सौर पॅनल बसवलं तर. वाळू 5 ब्रासपर्यंत मोफत, पण दारापर्यंत आणायचं गाडीचं भाडं आपल्या खिशातून, आणि जांभ्याचा चिरा, गवंडी, सिमेंट यांचा हिशोब मांडलात तर पैसे कुठे संपतात ते तुम्हाला माहितीय. तरी ते सोडा. भावाचं नाव यादीत आलं, घरात पेढे वाटले, आणि मग जागेचा कागद मागितला.

सातबारावर 43 नावं. त्रेचाळीस! आपल्याकडे हे नवीन नाही, तुमच्या घरातला सातबारा काढा, यापेक्षा जास्त असतील. त्यातली तीन माणसं वारलेली, वारस नोंद झालेली नाही, काही मुंबईत, एक सुरतला, एकाचा फोनच लागत नाही. सगळ्यांची संमती आणा म्हणाले. वाटप करून घ्यायचं तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे जा, तिथे पण एखाद्याने हक्कावरच वाद काढला की आधी दिवाणी कोर्ट, आणि कोर्टात किती वर्षं जातात ते काय सांगायचं. बरं, जागा नसलेल्यांसाठी वेगळी योजना आहे, पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना, 2024 मध्ये मदत 50 हजारांवरून 1 लाख केली. पण ती भूमिहीनाला. माझा भाऊ भूमिहीन कसा, त्याचं नाव तर सातबारावर आहे! म्हणजे कागदावर जमीनवाला आणि प्रत्यक्षात चार चिरे ठेवायला जागा नाही. अशी माणसं आमच्या एका वाडीत चार आहेत, मी स्वतः जाऊन विचारलं.

आता यावर प्रश्न कसा लिहिणार? "कोकणात घरकुले रखडली आहेत, हे खरे आहे काय" असं लिहिलं तर उत्तर येईल "अंशतः खरे आहे" आणि पुढे योजनेची माहिती, जी आपल्याला आधीच माहितीय. आणि एक गोची अशी की योजना ग्रामविकासची आणि सातबारा महसूलचा, एकाला विचारलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. सावंतवाडी तालुक्यात आंबोली, गेळे, चौकुळचा कबुलायतदार गावकर जमिनीचा, म्हणजे गावच्या जुन्या सामाईक जमिनीचा, विषय आठवा, जमिनीचा तिढा सुटेपर्यंत पिढ्या गेल्या. म्हणून आकडा मागायचा, तालुक्याचं नाव घालून मागायचा. अमुक तालुक्यात मंजूर घरकुलांपैकी किती फक्त सहहिस्सेदारांच्या संमतीअभावी सुरू झाली नाहीत? हा आकडा पंचायत समितीतून काढता येतो, माहिती अधिकारात, 10 रुपयांत, 30 दिवसांत. तो हातात असेल तर पहिल्या वाक्याला "नाही" म्हणता येत नाही.

चोरीचं. माझी आत्या गिरगावात राहते, गावचं घर गणपतीत उघडतं, शिमग्याला उघडतं आणि मे महिन्यात. मधले दिवस कुलूप. मागच्या गणपतीला आली तर मागचं दार उचकटलेलं, पितळेचे हंडे, तांब्याचा बंब, देव्हाऱ्यातली समई, सगळं गेलं. "घर फोडल्यानी रे," एवढंच म्हणाली आणि ओटीवर बसली. पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला सवाल, चोरी कधी झाली? आता मे ते गणपती यातलं कधी ते कोण सांगणार? मग एका साध्या कागदावर अर्ज लिहून घेतला, शिक्का मारला, या म्हणाले.

इथेच मेख आहे मंडळी. अर्ज म्हणजे गुन्हा नाही. अर्ज आकडेवारीत येत नाही. वाडीत अशी पाच घरं फुटली आणि पाचांचे नुसते अर्ज घेतले तर त्या गावात घरफोडी शून्य. उद्या आमदारांनी विचारलं की बंद घरं फोडण्याच्या घटना वाढल्या हे खरे आहे काय, तर गृहविभाग रजिस्टर बघून लिहिणार "हे खरे नाही", आणि कागदाप्रमाणे ते खरंच असणार! पुढचं सगळं उद्भवत नाही.

म्हणून एफआयआरच घ्यायला लावायचा. 1 जुलै 2024 पासून नवीन कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याचं कलम 173 सांगतं की गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. म्हणजे आत्याला गिरगावातूनही नोंदवता आला असता, हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं. ऑनलाईन दिला तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. प्रत मोफत मिळते, मागून घ्या. ठाण्यात नाहीच घेतला तर पोलीस अधीक्षकांना लेखी पोस्टाने पाठवा. तारीख माहीत नसेल तर "या तारखेपासून त्या तारखेदरम्यान" असं लिहितात.

आणि गावात काय होणार असं म्हणू नका. दिवेआगरला मार्च 2012 मध्ये सुवर्ण गणेशाचा मुखवटा चोरला, दोन रखवालदारांचा जीव घेतला. नोव्हेंबर 2021 मध्ये परत मिळालेल्या सोन्यातून घडवलेला मुखवटा देवळात बसला, मधली नऊ वर्षं त्या गावाने कशी काढली ते तिथल्या माणसांना विचारा. आमच्याकडे हापूसच्या बागेत एप्रिल-मे मध्ये रात्र रात्र राखण करावी लागते ती वेगळीच. पोलीस पाटील हा गावचा पहिला कान, 1967 च्या कायद्याने नेमलेला, पण पद रिकामं असेल तर ऐकणार कोण?

तर आम्ही आठ-दहा जणांनी बसून प्रश्न तयार केलाय, तिन्हींचे वेगवेगळे, कारण एकात तीन विभाग घुसडले की तिघेही अंग काढून घेतात. चोरीचा वाचून दाखवतो.

एक, आमच्या तालुक्यात गेल्या तीन वर्षांत बंद घरे फोडल्याबाबत पोलीस ठाण्यांत प्राप्त झालेले तक्रार अर्ज व दाखल झालेले गुन्हे यांच्या संख्येत तफावत आहे, हे खरे आहे काय? दोन, असल्यास, ठाणेनिहाय अर्ज किती व गुन्हे किती? तीन, पोलीस पाटलांची मंजूर पदे किती व रिक्त किती? चार, रिक्त पदे भरण्याबाबत कोणती कार्यवाही केली? पाच, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

सोबत अकरा घरांच्या अर्जांच्या शिक्का मारलेल्या झेरॉक्स जोडल्यात. त्यात आत्याचा सगळ्यात वर आहे. घरकुलाच्या प्रश्नाला चार सातबारे जोडलेत, 43 नावांचा पण. सोमवारी सकाळी 10 वाजता आमदारांच्या संपर्क कार्यालयात नेऊन देणार आहोत, पोच घेणार आहोत, आणि पोचेचा फोटो इथेच टाकतो.