आवाज कमी कर

नमस्कार मंडळी. आयोजकांनी मला विषय दिलाय 'सिनेमा, समाज आणि राजकारण'. हे तिन्ही शब्द एवढे मोठे आहेत की तासाभरात एकाचंही धड होणार नाही, म्हणून मी फक्त आवाजाबद्दल बोलणार आहे, टीव्हीचा आवाज, माणसांचा आवाज, आणि तो कोण कमी करतं त्याबद्दल.

माझं लहानपण साखर कारखान्याच्या कॉलनीत गेलं. वडील टाइम ऑफिसला होते. एका संध्याकाळी दूरदर्शनवर 'सामना' लागला होता, जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, पटकथा विजय तेंडुलकरांची, 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात जाऊन आलेला. आम्हाला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं, आम्ही निळू फुले आहेत म्हणून बसलो होतो. तर त्यात निळूभाऊ हिंदुराव धोंडे पाटील, कारखाना त्यांचा, पंचायत त्यांची, माणसं पण त्यांचीच, आणि डॉ. लागू म्हणजे स्वातंत्र्याच्या लढाईतून आलेला आणि आता दारूत बुडालेला मास्तर. या मास्तरच्या कानावर एक नाव येतं आणि मग तो माणूस एकच प्रश्न धरून बसतो, की मारुती कांबळेचं काय झालं? ज्याला त्याला तेच विचारतो. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा तो प्रश्न आला आणि आमचे वडील उठले, टीव्हीजवळ गेले आणि बटण फिरवून आवाज अगदी बारीक केला. मी म्हटलं, अण्णा, ऐकू येत नाही. ते म्हणाले, "खिडकी उघडी आहे." शेजारच्या क्वार्टरमध्ये चेअरमनच्या नात्यातले एकजण राहायचे.

बास, एवढंच. कोणी धमकी दिलेली नव्हती, कोणी बंदी घातली नव्हती, सिनेमा सरकारी टीव्हीवर चालू होता आणि आमच्या घरातला सगळ्यात सरळ माणूस घाबरला. मी आयुष्यात सेन्सॉरशिप पहिल्यांदा बघितली ती ही.

आता लोक म्हणतात की तो काळच वेगळा होता, तेव्हा धाडस होतं. काही अंशी खरंय. ज्या वर्षांत सहकारातल्या पुढाऱ्यांसमोर उभं राहायची कोणाची टाप नव्हती त्याच वर्षांत 'सामना' आला, आणि 1979 ला 'सिंहासन' आला, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून केलेला, त्यात मुख्यमंत्री, त्यांची खुर्ची ओढणारे मंत्री, स्मगलर, युनियनवाले आणि हे सगळं बघून आतून पोखरलेला पत्रकार, सगळं आहे, आणि त्याचं शूटिंग मंत्रालयात करायला तेव्हाच्या सरकारनं परवानगी दिली. ज्यांच्यावर सिनेमा आहे त्यांच्याच ऑफिसात कॅमेरा लावायचा! आज परवानगी मागायला सुद्धा कोणी जाणार नाही असं मला वाटतं.

पण मी सुवर्णयुग वगैरे म्हणणार नाही, कारण त्याच दशकात दिल्लीत 'किस्सा कुर्सी का' या सिनेमाचं काय झालं ते आपल्याला माहितीये. आणीबाणीत त्याच्या प्रिंट आणि निगेटिव्ह जाळून टाकल्या, दिग्दर्शक अमृत नाहाटांना तो पुन्हा नव्यानं बनवावा लागला. त्याआधी दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास सुप्रीम कोर्टात गेले होते, त्यांचं म्हणणं होतं की पुस्तक छापायच्या आधी कोणी तपासत नाही मग सिनेमा का तपासता, आणि 1970 ला कोर्टानं सांगितलं की सिनेमा भावनांना जास्त हात घालतो म्हणून आधी तपासणं योग्य आहे. सेन्सॉरचा 1952 चा कायदा अजून तोच चालू आहे, मधेमधे दुरुस्त्या होतात. म्हणजे सत्तेत कोणीही असो, पडद्याची भीती सगळ्यांनाच वाटत आलीये. माझं म्हणणं एवढंच की तेव्हा बनवणारा बनवायचा आणि मग सत्ता जाळायची. आता जाळायची वेळच येत नाही कारण कागदावर यायच्या आधीच आपण बटण फिरवलेलं असतं.

जरा बघा ना, 2019 पासून महाराष्ट्रात काय काय झालं. नोव्हेंबर 2019 ला सगळे झोपेतून उठायच्या आत शपथविधी झाला, ते सरकार ऐंशी तासांत पडलं. जून 2022 ला आमदार सुरतला, तिथून गुवाहाटीला, हॉटेलातून व्हिडिओ, एक पक्ष फुटला. जुलै 2023 ला दुसरा पक्ष फुटला. एखाद्या लेखकानं कल्पनेनं लिहिलं असतं तर निर्माता म्हणाला असता की हे पटत नाही. आणि या सगळ्यावर आपल्याकडं एक सिनेमा नाही जो मतदाराच्या बाजूनं उभा राहून विचारेल की अरे, मी ज्याला मत दिलं ते मत कुठं गेलं? नेत्यांवर सिनेमे येतात, नाही असं नाही, पण ते ओवाळणीचं ताट घेऊन आलेले असतात, प्रश्न घेऊन नाही.

आणि आपण काय बघतोय, तर इतिहास. मी इथं स्पष्ट बोलतो कारण यावरून गैरसमज होतात. शिवाजी महाराजांवर सिनेमे यावेत, भरपूर यावेत, माझ्या अंगावरही काटा येतो. पण महाराज म्हणजे फक्त तलवार आहेत का? महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेलं पत्र आहे, शाळेत असताना आमच्या मराठीच्या बाईंनी ते वाचून दाखवलं होतं. त्यात राजा लिहितो की पावसाळ्याचा दाणागोटा आत्ताच उधळला तर पुढं घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्याच्या घरचे दाणे आणाल, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी भाजी, आणि मग रयतेला वाटेल की याच्यापेक्षा मोगल बरे. आणि पुढं तर बारीकसारीक, की रात्री दिवा ठेवाल आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताची गंजी पेटेल. एवढं मोठं राज्य उभं करणारा माणूस उंदराचा विचार करतोय! हा राजा मला पडद्यावर बघायचाय. कारण हा राजा पडद्यावर आला की प्रेक्षक घरी जाताना आपल्या तहसीलदाराकडं, आपल्या आमदाराकडं, आपल्या चेअरमनकडं बघणार आणि विचारणार. नुसती तलवार चमकली की आपण टाळ्या वाजवतो, घोषणा देतो, स्टेटस ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी दाखल्यासाठी त्याच रांगेत मुकाट उभे राहतो.

समाजाचं तर विचारूच नका. 'फँड्री' मी 2014 ला थिएटरमध्ये बघितला. त्यात तो प्रसंग आहे, जब्या नावाच्या पोराचं अख्खं कुटुंब डुकरामागं धावतंय, घामाघूम झालेत, सगळा गाव बघून हसतोय, डुक्कर आता हातात येणार आणि तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जिथल्या तिथं ताठ उभे. बाप, आई, पोरं. आणि डुक्कर निघून जातं. मी ज्या शोला होतो तिथं त्या क्षणाला आमच्या पुढच्या रांगेतले दोघं-तिघं खुर्चीतून अर्धवट उठले, एकमेकांकडं बघितलं, आता उभं राहायचं की बसायचं कळेना, आणि तसेच अवघडून राहिले. पूर्ण उभे पण नाहीत आणि बसले पण नाहीत. मला अजून ती पोझ डोळ्यासमोर दिसते. जातीचा विषय निघाला की आपण सगळे तसेच असतो. आणि शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याकडं, म्हणजे आपल्याकडं, आणि लाइट लागल्यावर थिएटरमध्ये कोणी कोणाशी बोलेना. ही नागराज मंजुळेंची ताकद. त्या एका दगडानंतर दहा-बारा वर्षांत असे आणखी किती दगड आले हे मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट सांगतो. 'जय भीम' हा शब्द कुठला? आपला. या मातीतला, वस्तीवस्तीत सकाळी कानावर पडणारा. आणि 2021 मध्ये 'जय भीम' नावाचा सिनेमा आला तो तमिळमध्ये! इरुळर आदिवासींवर पोलिस कोठडीत झालेले अत्याचार, आणि त्यांच्यासाठी कोर्टात उभा राहिलेला वकील, खऱ्या खटल्यावरून. तो शब्द तिकडच्या लोकांनी उचलला, मोठ्या स्टारनं उचलला आणि आपण इकडं बसून सबटायटल वाचत बघितला. असं का झालं याचा मी बराच विचार केला. तमिळनाडूत सिनेमा आणि राजकारण एकाच घरात वाढले, पुढं मुख्यमंत्री झालेले करुणानिधी पटकथा लिहायचे, एमजीआर पडद्यावरून थेट मुख्यमंत्रिपदावर गेले, त्यामुळं सिनेमात राजकारण बोललं तर तिथं कोणाला नवल वाटत नाही. आणि दुसरं म्हणजे तिकीट. तिथं सरकार तिकिटाला कमाल दर ठरवून देतं. आपल्याकडं पिटातला प्रेक्षक होता, शिट्ट्या मारणारा, पैसे उधळणारा, तो मल्टिप्लेक्सनं बाहेर काढला. तालुक्याची थिएटरं पडली, मंगल कार्यालयं झाली. ज्याच्या आयुष्यात मारुती कांबळेचा प्रश्न रोजचा आहे तो प्रेक्षकच तिकीटखिडकीवर उरला नाही, मग त्याच्यासाठी सिनेमा बनवणार कोण?

मधे वाटलं होतं ओटीटीवर मोकळीक मिळेल. थोडे दिवस मिळाली पण. मग जानेवारी 2021 मध्ये 'तांडव' या वेब सिरीजवरून केसेस झाल्या, माफी मागितली, सीन काढले, सुप्रीम कोर्टानंही अटकेपासून लगेच संरक्षण दिलं नाही. त्यानंतर राजकारणावरच्या गोष्टी कशा मऊ होत गेल्या ते तुम्ही पण बघितलं असणार.

आणि अगदी अलीकडचं, 2025 चं. महात्मा फुल्यांवरचा 'फुले' हा हिंदी सिनेमा 11 एप्रिलला, त्यांच्या जयंतीला येणार होता, तो 25 ला आला. त्याआधी सेन्सॉर बोर्डानं महार, मांग, पेशवाई असे शब्द काढायला लावल्याच्या बातम्या आल्या. मला तेव्हा मुक्ता साळवे आठवली. सावित्रीबाई-जोतिबांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी, तिनं 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहिला, आणि त्याचं नावच 'मांग महारांच्या दुःखाविषयी' असं होतं. तिनं ते शब्द लिहिले, संपादकानं छापले, लोकांनी वाचले. पोरीचं सगळं दुःख त्या दोन शब्दांत होतं, ते शब्दच काढले तर तिनं लिहायचं तरी काय? एकशे सत्तर वर्षांनी आपण पुढं आलोय की मागं गेलोय हे तुम्ही ठरवा, माझं मत मी लपवत नाही, मागं गेलोय.

पण बोर्डाला शिव्या देऊन मी मोकळा होणार नाही, कारण बोर्ड कुठं राहतं तर आपल्या घरात. आमच्या नातेवाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, एकशे चाळीस माणसं, त्यात सकाळपासून सुविचार, वाढदिवस, केक. मागं एकदा माझ्या भाचीनं, कॉलेजला आहे ती, गावातल्या पाण्याच्या टँकरबद्दल लिहिलं, की टँकर ठरावीक गल्लीतच का येतो? पाच मिनिटांत तिच्या मामीचा मेसेज, "बाळा, ग्रुपवर राजकारण नको." आणि खाली बारा अंगठे. पाणी हे राजकारण! ती पोरगी गप्प बसली. त्या बारा अंगठ्यांत एक अंगठा माझ्या सख्ख्या भावाचा होता आणि मी पण त्या दिवशी तिच्या बाजूनं काही लिहिलं नाही, याचा मला आजही त्रास होतो. मी तिला नंतर फोन केला, सॉरी म्हणालो, ती म्हणाली, "मामा, फोनवर सगळेच सपोर्ट करतात."

सिनेमा बनवणारी माणसं याच घरांतून येतात हो, ती काय वेगळी नाहीत. प्रत्येकाच्या घरात एक खिडकी उघडी आहे.

गेल्या दिवाळीत अण्णा माझ्याकडं आले होते. ब्याऐंशी वर्षांचे आहेत आता. मी त्यांना पुन्हा 'सामना' लावून दिला. पूर्ण बघितला, मधे उठले नाहीत. संपल्यावर बराच वेळ गप्प होते आणि मग स्वतःहून बोलायला लागले. म्हणाले, आपल्या कारखान्यात एक सभासद होता, पाच एकरवाला, वार्षिक सभेत उठून काटामारीबद्दल विचारलं होतं त्यानं. माझ्या गाडीचं बाहेरच्या काट्यावरचं वजन आणि कारखान्याच्या काट्यावरचं वजन वेगळं का येतं, एवढंच. दोन्ही पावत्या घेऊन आला होता हातात. सभेत माइक बंद झाला, लाइट गेली म्हणाले. त्या हंगामात त्याच्या उसाला तोडच मिळाली नाही. टोळी यायची ती शेजारच्या फडात जायची, याच्या बांधावरून. ऊस उभा राहिला, तुरे आले, फेब्रुवारी गेला, मार्च गेला, शेवटी त्यानं पेटवून दिला. अण्णा म्हणाले, "तोडीचा प्रोग्राम आमच्या शेजारच्या टेबलावरच टाइप व्हायचा, त्याचं नाव खाली खाली सरकताना मी बघितलंय."

त्यांनी मला त्या माणसाचं नाव सांगितलं, पस्तीस वर्षांनी पहिल्यांदा. मी विचारलं, मग पुढं काय झालं त्याचं?

अण्णा म्हणाले, "काय माहीत. कुणी विचारलंच नाही."