शेवटची लोकल, दारूचं लायसन्स आणि मुंबईचे गे पुरुष

नमस्कार मंडळी. आधी एक तक्रार, ती केल्याशिवाय मला पुढे बोलता येणार नाही. कार्ड बघितलंत ना? त्यावर छापलंय ‘महानगरातील निशाजीवन : एक समाजशास्त्रीय आढावा’. मी दिलेला विषय होता ‘मुंबईच्या गे पुरुषांच्या रात्री’. तर फोन आला, साहेब विषय उत्तम आहे पण जरा सौम्य करता का, आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक जास्त असतात. म्हटलं अहो, ज्येष्ठ नागरिकांना काय घाबरवताय, त्यांनी आणीबाणी बघितलीय! पण नाही. आधी ‘गे’ गेला, मग ‘पुरुष’ गेले, मग मुंबईपण गेली, ती का गेली ते मला अजून कळलेलं नाही. उरली फक्त रात्र. तर जे कुणी आढावा ऐकायला आलेत त्यांनी चहा घेऊन सुटावं, मी रागावणार नाही. कोणी उठत नाहीये, छान.

माझं म्हणणं साधं आहे आणि जिथे माइक मिळेल तिथे मी ते सांगतो. हा इतिहास लोक नेहमी ३७७ कलमावरून सांगतात, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम. १८६० चा पीनल कोड, २००९ ला दिल्ली हायकोर्टाने दिलासा दिला, २०१३ ला सुप्रीम कोर्टाने तो काढून घेतला, मग ६ सप्टेंबर २०१८ ला परत दिला. सगळं खरं आहे, पण कोर्टात काय कोणी नाचायला जात नाही. पोरं रात्री कुठे जमली, कितीपर्यंत थांबली, कोण आलं आणि कोणाला येताच आलं नाही, हे ठरवलं दारूच्या लायसन्सने, शेवटच्या लोकलने आणि घराच्या किल्लीने.

आणि लायसन्सवर बडोदेकराने बोलायचं नाही तर कोणी बोलायचं? आपलं संस्थान १९४९ च्या मे महिन्यात मुंबई राज्यात गेलं आणि त्याच वर्षीचा मुंबई दारूबंदी कायदा आपल्या नशिबी आला. १९६० ला राज्यं वेगळी झाली, महाराष्ट्राने हळूहळू परमिटची वाट काढली, आपण मात्र अजून तिथेच. (समोर कोणीतरी ‘कागदावर’ म्हणालं. मी ऐकलं नाही.)

आता न्यूयॉर्कला चला, दोन मिनिटं. १९३३ ला त्यांची दारूबंदी उठली आणि लायसन्स देणारं खातं आलं. त्या खात्याचा हिशोब असा, की गे गिऱ्हाइकं जमली म्हणजे जागा ‘बेशिस्त’, लायसन्स धोक्यात. २१ एप्रिल १९६६ ला काहीजण कोट-टाय घालून, सोबत पत्रकार घेऊन ज्युलियस नावाच्या बारमध्ये गेले आणि म्हणाले, आम्ही होमोसेक्शुअल आहोत, आम्हाला ड्रिंक द्या. बारवाल्याने ग्लासवर हात ठेवला. त्याचा फोटो आहे, जरूर बघा. मग असल्या गिऱ्हाइकांना दारू विकणार कोण? माफिया! स्टोनवॉल इन माफियाचाच होता, दारूचं लायसन्स नाही, खासगी क्लब आहे असं दाखवायला दारात वही, त्यात लोक वाट्टेल ती नावं लिहायचे, बारमागे नळाला पाणी नाही, ग्लास टबात बुचकळून पुढच्याला, आणि पोलिसांना हप्ता. असल्या ठिकाणी २८ जून १९६९ च्या पहाटे धाड पडली आणि ह्यावेळी लोक पळाले नाहीत. आज जगभर ज्याच्या नावाने मिरवणुका निघतात त्याची सुरुवात एका कळकट, विनापरवाना बारमध्ये झाली. मला ह्याचा फार आनंद होतो.

बरं, मुंबई. नव्वदीत मी नोकरीला गेलो, बोरिवलीला आत्याकडे उतरलो, दीड खोली, मी हॉलमध्ये गादीवर. तेव्हा ‘बॉम्बे दोस्त’ हे गे लोकांचं नियतकालिक १९९० पासून निघत होतं, अशोक राव कवींचं, १९९४ ला हमसफर ट्रस्ट ही संस्थाही झाली, पण रात्री भेटायचं कुठे? गेटवेचा कठडा, स्टेशनं, बागा. तिथे पोलिस ३७७ पेक्षा बॉम्बे पोलिस ॲक्टचं ११० लावायचे, असभ्य वर्तन, खरं म्हणजे लावायची फक्त धमकी आणि मग पाकीट रिकामं. आणि शनिवारी रात्री कुलाब्याला आर्थर बंदर रोडवरचं वूडू, आमच्यासारख्यांचा पब.

माझा एक शर्ट होता, जांभळा, चमकणारा, आत्याला दिसला असता तर तिने त्याचं पायपुसणं केलं असतं. म्हणून घरून ऑफिसचा पांढरा घालून निघायचं, चर्चगेटच्या टॉयलेटमध्ये बदलायचा, पांढरा पिशवीत. वूडूत साडेअकराला कुठे रंग चढायला लागे, आणि सव्वाबाराला बघावं तर निम्मी पोरं घड्याळाकडे बघतायत! चर्चगेटहून बोरिवलीची शेवटची गाडी एकच्या सुमाराला, ती चुकली की पहाटेपर्यंत फलाटावर, नाहीतर टॅक्सी, आणि तेवढे पैसे असते तर आत्याकडे कशाला राहिलो असतो. मग आम्ही विरार-बोरिवलीवाले, कल्याण-डोंबिवलीवाले असे निघायचो, आणि मागे राहायचे कोण? कफ परेडवाले, मलबार हिलवाले, ज्यांच्याकडे गाडी, इंग्रजी आणि स्वतंत्र खोली. पुढे ज्या आठवणी छापून आल्या त्या त्यांच्याच, कारण ते शेवटपर्यंत थांबले होते ना! आमची पार्टी डब्यात व्हायची. सेकंड क्लास, रात्री एक, पंखे खडखडतायत, एकजण दाराशी उभं राहून लावणी म्हणतोय, दादरला मासेवाल्या मावशी चढल्या तर त्या टाळ्या वाजवतायत, आणि मी दोन सीटच्या मध्ये ओणवा होऊन जांभळा काढून पांढरा घालतोय. आत्या दार उघडायची आणि विचारायची, इतका उशीर? ऑडिट, आत्या. दर शनिवारी ऑडिट! माझ्या कंपनीइतकं ऑडिट रिझर्व्ह बँकेचं झालं नसेल.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अरे बाप रे, मूळ मुद्दे तर आत्ता सुरू व्हायचेत.

पटपट घेतो. एक, इंटरनेट. १९९८ ला गे बॉम्बे नावाचा इंटरनेटवरचा गट सुरू झाला, पार्टीची बातमी ईमेलने जायला लागली, म्हणजे जागा बदलली तरी गर्दी मागोमाग येते, एका बारमालकावर अवलंबून राहायला नको. पण ईमेल कोणाकडे, तर परत ऑफिसवाल्यांकडेच. दोन, दिवस. १६ ऑगस्ट २००८ ला ऑगस्ट क्रांती मैदानावरून क्वीअर आझादी मार्च, म्हणजे आपल्या लोकांचा मोर्चा, निघाला, भर दिवसा, म्हणजे शेवटच्या लोकलची भानगडच नाही. बरेचजण तोंडावर मुखवटे लावून आले होते तरी आले. ह्यावर मला अर्धा तास बोलायचं होतं.

तीन, आपलं बडोदं, आणि इथे माझा सिद्धांत जरा लंगडतो. बार नाही, लोकल नाही, नाइटलाइफ म्हणजे नऊ रात्री गरबा आणि वर सेवउसळ. तरी १९८१ ला इथेच चित्रकार भूपेन खख्खरांनी, जे स्वतः गे होते, ‘यू कान्ट प्लीज ऑल’ रंगवलं. मुंबईत जन्मलेला माणूस, पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, बासष्टमध्ये इकडे आला. चित्रात बाल्कनीत पाठमोरा नागडा माणूस उभा आहे, खाली बाप, लेक आणि गाढव, ती गोष्ट आपल्याला सगळ्यांना माहितीय. लायसन्स नसलेल्या गावात हे झालं. माझं उत्तर असं की त्यांच्याकडे किल्ली होती, स्वतःचं घर होतं, मित्र तिथे जमत. म्हणजे तीनातली किल्ली सगळ्यात भारी. ह्यावर वाद घाला, मला चालेल.

शेवटचं. २०१८ नंतर सगळं मोकळं झालं असं ज्यांना वाटतं त्यांनी शनिवारी एखाद्या मोठ्या शहरातल्या क्लबच्या दारात उभं राहून बघा. ‘कपल एंट्री’. एकट्या पुरुषाला ते स्टॅग म्हणतात, आणि दोन पुरुष हातात हात घालून आले तरी बाउन्सरच्या लेखी ते दोन स्टॅग, बाहेर. कायद्याने जोडपं म्हणून अडवणार कोणी नाही, आणि दारावर जोडपं म्हणून आत सोडणारा कोणी नाही.

दुसरी चिठ्ठी आली. थांबतो. प्रश्न घेऊया, हां काका, तुमचा हात मघापासून वर आहे, पण आत्याला पुढे कळलं का हे सोडून काहीही विचारा.