सह्याद्रीच्या पोटातील वीजगृह

पोफळीजवळ डोंगरात शिरणारा हा बोगदा ज्या दालनात उघडतो, तेथे कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांचे आठ संच उभे आहेत. त्यांची एकत्रित क्षमता ६०० मेगावॅट. यंत्रांकडे नजर आधी जाते. पण खरे कौशल्य त्यांच्याभोवतीच्या खडकात आहे.

कऱ्हाडला कृष्णेस मिळणारी कोयना धरणाने अडवून तिचे पाणी पश्चिमेला कोकणाकडे वळवले, की सुमारे पावणेपाचशे मीटरचे पतन मिळते. खोपोलीला टाटांनी १९१५ मध्येच डोंगरउतारावरून पोलादी नळ उतरवले होते. येथे मात्र पाणी डोंगरातूनच खाली आणले, कारण उभ्या दाबविहिरींत, म्हणजे पाणी जनित्रांकडे खाली नेणाऱ्या विवरांत, पोलादी अस्तरावर येणारा भार काँक्रीट आणि खडकही वाटून घेतात. संच एकाएकी थांबला, तर अधिजल बोगद्यातील, म्हणजे जलाशयाकडून पाणी आणणाऱ्या बोगद्यातील, वाहते पाणी जागीच थांबू शकत नाही. ते उल्लोळ विहिरीत वर चढते आणि त्याचा धक्का तेथे जिरतो. दालनाची जागा ठरवणे सर्वांत कठीण, कारण बेसॉल्टच्या एकसंध थरांमध्ये ठिसूळ थर आणि लाल मातीचे पट्टे येतात, आणि छत त्यांत येऊन चालत नाही.

आता पाहा १३ मार्च १९९९ चा दिवस. १००० मेगावॅटच्या चौथ्या टप्प्यासाठी कोयना धरणाचा शिवसागर जलाशय रिकामा न करताच त्याच्या तळाला भोक पाडायचे होते. बोगदा खालून तळाच्या अगदी जवळ नेला, मध्ये खडकाचे बूच तेवढे राखले, फुटलेले दगड पुढे वाहून जाऊ नयेत म्हणून त्याखाली खड्डा खोदला आणि सुरुंगाने ते बूच उडवले. हे लेक टॅपिंग आशियातील पहिले मानले जाते. २०१२ मध्ये येथेच ते पुन्हा केले गेले.

जलाशयाखाली गावे गेली, आणि विस्थापितांचे पुनर्वसन दशकानुदशके रेंगाळले. पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. त्यामुळे चौथ्या टप्प्याची आखणीच विजेची मागणी सर्वाधिक असते त्या तासांसाठी करण्यात आली. तेथून बाहेर पडणारे अवजल, म्हणजे वीज करून झालेले पाणी, कोळकेवाडीच्या धरणात साठते आणि अलोऱ्याला तिसऱ्या टप्प्याची जनित्रे फिरवते.